विल्मकोटचे शेत आणि दोन मृत्युपत्रे

इंग्रजी कादंबरी शिकणाऱ्या आपल्याकडच्या विद्यार्थ्याच्या मनात इंग्लंडमधील वारसाहक्काचे एक चित्र पक्के बसलेले असते. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये (१८१३) बेनेट कुटुंबाला पाच मुली आहेत आणि वडिलांच्या पश्चात इस्टेट दूरच्या पुरुष नातेवाइकाकडे जाणार आहे. त्यावरून आपण एक सोपे सूत्र काढतो: इंग्लंडमध्ये जमीन थोरल्या मुलाला मिळते, मुलींना मिळत नाही. परीक्षेत हे सूत्र चालून जाते. परंतु बेनेट कुटुंबाची अडचण कायद्याच्या सर्वसाधारण नियमातून आलेली नाही. ती त्या घराण्यात पूर्वी कोणीतरी करून ठेवलेल्या खास व्यवस्थेतून आली आहे. ती व्यवस्था नसती आणि मृत्युपत्रही झाले नसते, तर देशाच्या सामान्य कायद्याने ती जमीन पाचही मुलींना सारखी मिळाली असती. ही गोष्ट लक्षात आली की त्या कादंबरीकडे आणि एकंदरच इंग्रजी साहित्यातील वारशाच्या प्रश्नाकडे पाहण्याची आपली दृष्टी थोडी बदलते.

या लेखात उमराव घराण्यांना बाजूला ठेवून एका शेतकऱ्याच्या घरात डोकावायचे आहे. सोळाव्या शतकातील हा शेतकरी वॉरिकशरमधल्या विल्मकोट गावचा, रॉबर्ट आर्डन नावाचा. त्याची कागदपत्रे जपली गेली याचे कारण त्याचा नातू. सर्वांत धाकटी मुलगी मेरी हिचा विवाह जॉन शेक्सपिअरशी झाला आणि त्यांचा मुलगा विल्यम. नातवाच्या कीर्तीमुळे आजोबांचे बैल, मधमाश्या आणि भिंतीवरची कापडेसुद्धा इतिहासात नोंदली गेली. एरवी अशा हजारो शेतकऱ्यांचे कागद दप्तरांत पडून असतात.

प्रथम कायद्याची रूपरेषा पाहू. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये शेतजमीन मुख्यत्वे दोन प्रकारांनी धारण केली जाई. पहिला प्रकार ‘फ्रीहोल्ड’. या जमिनीचा वारसा राजाच्या न्यायालयांतील सामान्य कायद्याप्रमाणे चाले. मुलगे असतील तर थोरल्याला सर्व जमीन, मुलगा नसेल तर सर्व मुलींना समान वाटणी. अपवाद होतेच. केंट परगण्यात ‘गॅव्हलकाइंड’ या जुन्या रिवाजाने सर्व मुलग्यांना सारखा हिस्सा मिळे, तर काही ठिकाणी धाकटा मुलगा वारस ठरे. दुसरा प्रकार ‘कॉपीहोल्ड’. ही जमीन गावच्या जमीनदाराच्या, म्हणजे मॅनरच्या, मालकीची असे. कुळाचा हक्क मॅनरच्या न्यायसभेच्या दप्तरात नोंदला जाई आणि त्या नोंदीची नक्कल हाच कुळाजवळचा पुरावा, म्हणून हे नाव. कूळ मेले की अनेक मॅनरांत त्याचे सर्वांत चांगले जनावर जमीनदाराला द्यावे लागे आणि नव्या वारसाला नजराणा भरून जमीन आपल्या नावे करून घ्यावी लागे. ही जमीन कोणाला जावी, विधवेने ती किती काळ राखावी, हे त्या त्या मॅनरच्या रिवाजावर ठरे. अनेक ठिकाणी विधवा पुन्हा लग्न करीपर्यंत नवऱ्याची जमीन वा तिचा काही हिस्सा कसू शके.

यात १५४० साली एका महत्त्वाच्या कायद्याची भर पडली. फ्रीहोल्ड जमीन मृत्युपत्राने हव्या त्या व्यक्तीला देण्याची मुभा या कायद्याने बऱ्याच प्रमाणात दिली. तोवर लोक जमीन विश्वस्तांच्या नावे करून आडमार्गाने हेच साधत असत. १५३६ च्या कायद्याने तो मार्ग आवळल्यावर भूधारकांमध्ये मोठा असंतोष पसरला होता. तेव्हा थोरल्या मुलाला सर्व किंवा मुलींना समान, हे नियम बापाने काहीच लिहून ठेवले नसेल तेव्हासाठीचे होते. विचारी शेतकरी काहीतरी लिहून ठेवी. म्हणूनच कोणत्या कुटुंबात काय घडले हे समजण्यासाठी केवळ कायदा पुरत नाही, कागद वाचावे लागतात.

रॉबर्ट आर्डनला आठ मुली होत्या. पहिली पत्नी वारल्यावर त्याने ॲग्नेस हिल या विधवेशी विवाह केला. तिला पहिल्या नवऱ्यापासून झालेली मुले होती. आठ सावत्र मुली, तिची स्वतःची मुले आणि उतारवयाकडे झुकलेला नवरा, असा हा संसार. पुढे काय होऊ शकते याची रॉबर्टला कल्पना असावी, कारण १५५० मध्येच त्याने शेजारच्या स्निटरफील्ड गावातील जमिनीसंबंधी दस्त करून ठेवले. आपल्या हयातीत आपण, आपल्या मागे ॲग्नेस तिच्या हयातीत आणि तिच्यानंतर सहा मुली, अशी ती व्यवस्था होती. विश्वस्तांपैकी एक विल्मकोटचाच शेजारी, ॲडम पामर. त्या सहाजणींत मेरी नाही. तिचा विचार बापाने वेगळा केला होता, हे सहा वर्षांनी दिसले.

रॉबर्टने २४ नोव्हेंबर १५५६ रोजी मृत्युपत्र केले. विल्मकोटमधली ‘ॲस्बीज’ नावाची जमीन, तीत पेरून उभ्या असलेल्या पिकासह, त्याने मेरीला दिली आणि शिवाय रोख दहा मार्क, म्हणजे ६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स. बायकोलाही नेमकी तेवढीच रक्कम ठेवली, पण अटीवर. विल्मकोटच्या कॉपीहोल्ड जमिनीतला अर्धा भाग मुलगी ॲलिस हिला ॲग्नेसने आपल्या वैधव्याच्या काळात विनातक्रार उपभोगू द्यावा, अशी ती अट. तसे करू दिले नाही तर ॲग्नेसला निम्मीच रक्कम, ३ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स, आणि स्निटरफील्डमध्ये तिच्या निर्वाहासाठी लावून दिलेली जमीन, एवढेच मिळेल. कर्ज आणि देणग्या वजा जाता उरलेल्या जंगम मालमत्तेचा तिसरा हिस्सा ॲलिसला. मृत्युपत्राची अंमलबजावणी कोणी करायची? बायकोने नव्हे. ॲलिस आणि मेरी या दोन अविवाहित मुलींनी.

या अटीपाशी वाचकाने थोडे थांबावे. मॅनरच्या रिवाजाने विधवेला मिळणारा हक्क रॉबर्टला मृत्युपत्राने काढून घेता येण्यासारखा नव्हता. म्हणून जे पैसे त्याच्या हातात होते त्यांचा त्याने लगाम केला. सावत्र आई आणि सावत्र मुलगी एका छपराखाली, एका जमिनीवर कशा राहतील याची मरणाऱ्या माणसाला वाटणारी काळजी त्या कलमात उतरली आहे. घरात भांडण होते की नव्हते हे मृत्युपत्र सांगत नाही. भांडण होऊ शकते असे घरच्या कर्त्याला वाटत होते आणि ते टाळण्यासाठी त्याने ३ पौंड ६ शिलिंग ८ पेन्सांची किंमत ठरवली होती, एवढे मात्र निश्चित सांगते.

मृत्युपत्रात आणखी एक छोटी देणगी आहे. ॲस्टन पॅरिशमध्ये ज्या घरी स्वतःचे औत नाही त्या प्रत्येक घराला चार पेन्स. गरिबी मोजण्याचे माप इथे शेतकऱ्याचे आहे. ज्याच्याकडे नांगराला जुंपायला जनावरे नाहीत तो गरीब. रॉबर्टकडे मात्र आठ बैल होते. ९ डिसेंबर १५५६ रोजी शेजाऱ्यांनी त्याच्या घरातील व गोठ्यातील जंगम मालाची यादी केली. तीत बैलांखेरीज सात गाई, घोडे, मेंढ्या, डुकरे, कोंबड्या आणि मधमाश्याही आहेत. खोल्यांच्या भिंतींवर लावायची रंगवलेली कापडे आहेत. श्रीमंतांच्या विणलेल्या भिंतपडद्यांची हौस मध्यम ऐपतीचे लोक अशा कापडांवर भागवीत. सगळ्याची किंमत ७७ पौंड ११ शिलिंग १० पेन्स भरली. १६ डिसेंबरला मृत्युपत्र शाबीत झाले. इच्छापत्र, मोजणी आणि शाबिती हे सर्व तीन आठवड्यांत आटोपले.

आठ मुलींपैकी सर्वांत धाकटीला बापाने जमीन का दिली? थोरल्यांची लग्ने झाली होती, सहाजणींच्या नावे स्निटरफील्डचा पुढचा हक्क होता. अविवाहित धाकटीला सोय हवी होती. थोरलेपणाचा किंवा समान वाटणीचा कोणताही नियम इथे लागू केलेला नाही. प्रत्येकीची गरज पाहून बापाने हिशेब मांडला आहे. मुलींना जमीन मिळत नाही हे आपले सूत्र इथे पुरते कोसळते.

परंतु मिळालेली जमीन राहते का, हा प्रश्न वेगळा आहे, आणि इथे मेरीची खरी कहाणी सुरू होते.

१५५७ च्या सुमारास मेरीचे लग्न झाले. जॉन शेक्सपिअरचा बाप रिचर्ड हा स्निटरफील्डमध्ये आर्डनच्याच जमिनीवर कूळ होता. म्हणजे मालकाची मुलगी कुळाच्या मुलाला दिली. जॉन स्ट्रॅटफर्डमध्ये हातमोजे बनवण्याचा व्यवसाय करी, आणि पुढे त्या शहराचा बेलिफ झाला. विवाहाबरोबर ॲस्बीजचा कारभार त्याच्याकडे आला. तेव्हाच्या कायद्यात विवाहित स्त्रीचे कायदेशीर अस्तित्व नवऱ्याच्या अस्तित्वात झाकले जाई. तिची जंगम मालमत्ता नवऱ्याची होई. तिच्या जमिनीचे उत्पन्नही लग्न टिकेपर्यंत त्याचेच. ती जमीन कायमची दुसऱ्याला द्यायची तर मात्र बायकोला न्यायालयातील व्यवहारात सामील करून घ्यावे लागे आणि न्यायाधीशाने तिला एकटीला बाजूला घेऊन तिची संमती विचारायची, असा दंडक होता. नवऱ्याच्या घरात राहणाऱ्या, त्याच्या कर्जात बुडालेल्या संसारातील बाईने त्या एकांतात काय उत्तर द्यावे अशी अपेक्षा होती, याची कल्पना आपण करू शकतो.

१५७० नंतरच्या दशकात जॉनची आर्थिक स्थिती खालावली. १५७८ मध्ये त्याने आणि मेरीने ॲस्बीज चाळीस पौंडांना गहाण टाकले. सावकार घरचाच होता. बार्टन-ऑन-द-हीथचा एडमंड लॅम्बर्ट, मेरीची बहीण जोन हिचा नवरा. व्यवहार ठरल्या मुदतीत पैसे फेडले तर जमीन परत, नाही तर ती लॅम्बर्टची, या स्वरूपाचा. मुदत १५८० च्या मायकेलमसपर्यंत, म्हणजे सप्टेंबरअखेर. पुढच्याच वर्षी, १५७९ मध्ये, स्निटरफील्डमधला आपला हिस्साही त्यांनी भाच्याला, रॉबर्ट वेबला, विकून टाकला. त्या दस्तावर मेरीने सहीच्या जागी आपले चिन्ह काढले आहे. ॲग्नेस तेव्हा हयात होती. नवऱ्यामागे ती जवळजवळ चोवीस वर्षे जगली आणि १५८० च्या अखेरीस वारली. तोवर स्निटरफील्डची वारसदारी ही केवळ पुढे मिळणाऱ्या जमिनीची आशा होती. गरजू माणूस अशी आशा स्वस्तात विकतो.

१५८० च्या मुदतीच्या दिवशी नेमके काय झाले याविषयी दोन बाजू आहेत. जॉनचे म्हणणे असे, की आपण पैसे घेऊन गेलो होतो, पण लॅम्बर्टने इतर देणीही आधी फेडा म्हणून ते नाकारले. लॅम्बर्टकडचे म्हणणे, पैसे मुदतीत आलेच नाहीत. १५८७ मध्ये एडमंड वारला आणि त्याचा मुलगा जॉन लॅम्बर्ट याच्याशी वाद सुरू झाला. १५८८ मध्ये राणीच्या न्यायालयात दावा झाला. त्यातील तक्रार अशी, की आणखी वीस पौंड देऊन जमिनीवर पूर्ण हक्क घेण्याचे धाकट्या लॅम्बर्टने तोंडी कबूल केले होते, ते पाळले नाही. या दाव्यात जॉन आणि मेरी यांच्याबरोबर मुलगा विल्यम याचेही नाव आहे. पुढे नोव्हेंबर १५९७ मध्ये चॅन्सरी न्यायालयात दुसरा दावा गुदरला. कायद्याच्या काटेकोर अक्षरापुढे न्यायबुद्धीने मार्ग काढणारे न्यायालय अशी चॅन्सरीची ख्याती, म्हणून गहाण बुडालेले लोक तिथे जात. अर्जात लॅम्बर्टला धनवान व मोठ्या गोतावळ्याचा म्हटले आहे आणि अर्जदारांना अल्प संपत्तीचे व तुटपुंज्या मित्रपरिवाराचे. ही चॅन्सरीच्या अर्जांतली ठरीव भाषा आहे. परंतु त्याच वर्षी, १५९७ च्या मे महिन्यात, या अल्पसंपत्तीवाल्यांच्या मुलाने स्ट्रॅटफर्डमधले ‘न्यू प्लेस’ हे मोठे घर विकत घेतले होते. पैसा आता होता. तरीही ॲस्बीज परत मिळाले नाही. बापाने धाकटीसाठी वेगळे काढून ठेवलेले शेत दुसऱ्या बहिणीच्या घरात गेले ते गेलेच.

आता दुसरे मृत्युपत्र. २५ मार्च १६१६ ही तारीख असलेले विल्यम शेक्सपिअरचे मृत्युपत्र त्यातील दुय्यम प्रतीच्या पलंगामुळे प्रसिद्ध आहे. त्या पलंगावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आपण जमिनीकडे पाहू. विल्यमचा एकुलता मुलगा हॅम्नेट १५९६ मध्येच वारला होता. राहिल्या दोन मुली, सुझॅना आणि ज्युडिथ. म्हणजे नातू आजोबांच्याच जागी उभा होता. मुलगा नाही, कायद्याने मुलींना समान वाटणी, आणि ती बदलण्याची मुभा हाती.

आजोबांनी वाटले, नातवाने एकत्र केले. १६०२ मध्ये ३२० पौंडांना घेतलेली १०७ एकर जमीन, न्यू प्लेस आणि इतर घरे जवळजवळ सारी थोरल्या सुझॅनाला, आणि तिच्यामागे तिच्या मुलग्यांना, पहिल्यापासून सातव्यापर्यंत क्रमाने. ते मुलगे तेव्हा जन्मलेही नव्हते. शेतकऱ्याच्या नातवाला आता घराणे स्थापन करायचे होते. ज्युडिथच्या वाट्याला रोकड आली. शंभर पौंड हुंड्यापोटी, पन्नास पौंड एका कॉपीहोल्ड घरावरचा हक्क बहिणीच्या नावे सोडल्यास, आणि तीन वर्षांनी ती किंवा तिची संतती हयात असल्यास आणखी दीडशे. या शेवटच्या दीडशे पौंडांचे कलम मला सर्वांत बोलके वाटते. ज्युडिथचे लग्न फेब्रुवारी १६१६ मध्ये टॉमस क्विनीशी झाले होते. बाप लिहितो, की मुलगी नवऱ्याच्या कायदेशीर आधिपत्याखाली आहे तोवर मुद्दल तिला देऊ नये, केवळ व्याज द्यावे. नवऱ्याने तेवढ्याच किमतीची जमीन तिच्या व मुलांच्या नावे बांधून दिली, तरच त्याला ती रक्कम मिळावी.

क्विनीच्या गैरवर्तनाचे प्रकरण त्याच महिन्यात स्ट्रॅटफर्डमध्ये गाजत होते, आणि या कलमाचे तात्कालिक कारण म्हणून चरित्रकार त्याकडे बोट दाखवतात. ते योग्यच आहे. परंतु हे कलम लिहिणाऱ्या माणसाचे १५८८ च्या दाव्यात आईवडिलांबरोबर नाव होते हेही विसरू नये. आईच्या नावे आलेली जमीन बापाच्या कर्जात कशी जाते, हे त्याने चौदाव्या वर्षापासून पाहिले होते. आजोबांच्या मृत्युपत्रात मेरीला जमीन होती, पण नवऱ्यापासून संरक्षण नव्हते. नातवाच्या मृत्युपत्रात ज्युडिथला जमीन नाही, पण संरक्षण आहे. दोघांनीही अट घालण्याचेच हत्यार वापरले. आजोबांना सावत्र आईची भीती होती, नातवाला जावयाची.

या पार्श्वभूमीवर ‘किंग लिअर’ पुन्हा वाचून पाहावे. मध्ययुगापासून मॅनरच्या दप्तरांत एक प्रकारचे करार वारंवार आढळतात. थकलेला बाप किंवा विधवा आई न्यायसभेसमोर जमीन मुलाला सोडून देते, आणि बदल्यात वर्षाला किती धान्य, कोणते कपडे, घरातली कोणती खोली, चुलीजवळची जागा, हे सारे तपशीलवार नोंदवून घेते. मुलाने पाळले नाही तर जमीन परत घेण्याचीही तरतूद असे. यात प्रेमाचा अभाव शोधण्याचे कारण नाही. म्हातारपण कोणाच्या मनःस्थितीवर अवलंबून राहू नये, एवढाच हेतू. लिअरही असाच करार करतो. राज्य मुलींना, आणि स्वतःसाठी शंभर सरदार व दोघींकडे महिना महिना मुक्काम. फरक एवढाच, की ही अट पाळली गेली नाही तर दाद कुठे मागायची? खेड्यातल्या म्हाताऱ्याला मॅनरची न्यायसभा होती. राजाच्या वर न्यायालय नाही, आणि जे होते ते त्याने आताच देऊन टाकले आहे. शंभरांचे पन्नास, पन्नासांचे पंचवीस अशी घासाघीस जेव्हा सुरू होते, तेव्हा सोळाव्या-सतराव्या शतकातल्या प्रेक्षकाला त्यात आपल्या गावातल्या कुणा म्हाताऱ्याची ओळख पटत असणार. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मध्ये (१९७०) राज्य जाऊन आयुष्याची पुंजी आली, तरी मराठी प्रेक्षकाला ते परके वाटले नाही, याचेही कारण इथेच आहे. सिंहासन आपल्या अनुभवातले नाही. वाटणी आहे.

दोन्ही मृत्युपत्रांचे पुढे काय झाले? सुझॅनाला मुलगा झाला नाही. ज्युडिथला तीन मुलगे झाले, ते तिच्याआधी वारले. सुझॅनाची मुलगी एलिझाबेथ १६७० मध्ये निपुत्रिक वारली आणि विल्यमचा वंश संपला. सात मुलग्यांपर्यंत आखलेला क्रम कागदावरच राहिला. विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेवर स्वतंत्र हक्क इंग्लंडमध्ये १८८२ च्या कायद्याने मिळाला. कॉपीहोल्ड आणि थोरल्या मुलाचा वारसा १९२० नंतरच्या दशकातील सुधारणांनी, १९२६ च्या आरंभापासून, जवळपास पूर्णपणे इतिहासजमा झाला.

विल्मकोटमध्ये एक लाकडी चौकटीचे देखणे घर ‘मेरी आर्डनचे घर’ म्हणून अनेक पिढ्यांनी पाहिले. २००० साली कागदपत्रांच्या अभ्यासातून कळले, की ते घर तिचे नव्हेच. ते शेजारच्या ॲडम पामरचे, १५५० च्या दस्तातल्या त्याच विश्वस्ताचे. मेरीचे खरे घर जवळच, ‘ग्लीब फार्म’ या नावाखाली, कुणाच्या लक्षात न येता उभे होते. आपणही वर्गात शिकवताना ‘थोरल्या मुलाचा वारसा’ या एका सूत्राकडे बोट दाखवून पुढे जातो. पुढच्या वेळी बेनेट भगिनींविषयी किंवा लिअरच्या मुलींविषयी बोलताना विद्यार्थ्यांना आधी हे विचारायला लावावे: या घरात काय लिहून ठेवले होते, कोणी, आणि कोणाच्या भीतीने?